लग्न जमेपर्यंत हेल्मेट काढून ठेवू का?

ताई नमस्कार. मी २९ वर्षांचा, राहायला चिंचवडला आणि ऑफिस हिंजवडीत. नोव्हेंबरपासून सायकलने ऑफिसला जातोय, एका बाजूने साधारण ११ किलोमीटर. हेल्मेट पण तेव्हाच ऑनलाइन मागवलं, मीडियम साइज. डिसेंबर लागला आणि केस गळायला सुरुवात झाली, बाथरूमच्या जाळीवर रोज पुंजका, उशीवर केस, कीबोर्डवर केस. त्यात घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते हे सगळं हेल्मेटमुळे, डोक्याला वारा लागत नाही, लग्न जमेपर्यंत ते काढून ठेव, मग घाल काय घालायचं ते. मामाला पस्तिशीतच टक्कल पडलं म्हणून ती जास्त घाबरलीये, रोज सकाळी मला तेल लावून पाठवते. शिवाय अर्धा तास झाला की कपाळ ठणकायला लागतं, घरी येऊन काढलं की थोड्या वेळात थांबतं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल वळ उठतात, पुटकुळ्या आल्यात, कोंडा झालाय, मान आखडते. ऑफिसातला मित्र म्हणतो की हेल्मेट घातलं की गाड्या उलट जास्त जवळून जातात, तसा परदेशात अभ्यास झालाय. बाकी तब्येत चांगली आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला डेंग्यू झाला होता पण आता एकदम फिट, डाएट आणि सायकल मिळून ९ किलो उतरवलं. रोज हेल्मेट घातल्याने डोक्यावर खरंच परिणाम होतो का? ता.क. बहिणीचा मुलगा ९ महिन्यांचा आहे, त्याला पुढे सीट लावून फिरवायचं मनात आहे, त्याच्या मापाचं हेल्मेट मिळतं का?

*

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेनने दोन ठिकाणी रेघ मारली. एक डेंग्यूखाली आणि एक ९ किलोखाली. या दोन गोष्टी तू जाता जाता लिहिल्यास, बाकी तब्येत चांगली म्हणून, आणि तुझ्या केसांचं उत्तर नेमकं तिथेच आहे.

केसांचा हिशेब कसा असतो बघ. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यातले बहुतेक वाढत असतात आणि थोडे आराम करत असतात, आराम करणारा केस दोन-तीन महिने मुळाशी तसाच बसून राहतो आणि मग गळून जातो, त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हे अगदी निरोगी माणसाचं पण असतं. आता जोरदार ताप आला, टायफॉइड झाला, डेंग्यू झाला, मोठं ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं किंवा खाणं एकदम कमी केलं की शरीर म्हणतं आधी जीव सांभाळू, केस नंतर बघू, आणि वाढणाऱ्या केसांपैकी बरेचसे एका झटक्यात आरामाला पाठवतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. ते दिसतं दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा हे सगळे केस एकदम गळायला लागतात. कोविडनंतर माझ्या ओपीडीत अशा पेशंटची रांग लागायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की नवीन शाम्पूमुळे झालं, बोअरच्या पाण्यामुळे झालं, कारण आजार तर कधीच बरा झालेला असायचा.

तू आता बोटावर मोज. सप्टेंबरच्या सुरुवातीला डेंग्यू, त्यात तीन महिने मिळव, डिसेंबर. आणि मधल्या काळात शरीर सावरत असताना तू जेवण तोडून ९ किलो उतरवलंस, म्हणजे दुसरा धक्का. हेल्मेट नोव्हेंबरात आलं आणि केस डिसेंबरात गेले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली इतकंच. आई चुकीचं बघत नाहीये, तिने जे डोळ्यासमोर होतं ते जोडलं, डेंग्यू तिच्या मनातून कधीच गेला होता.

वाऱ्याचं म्हणशील तर केसाच्या मुळाला हवा बाहेरून लागत नाही, त्याला जे काही मिळतं ते रक्तातून मिळतं. वर दिसतो तो केस तर जिवंतच नसतो. झाकल्याने केस जात नाहीत, ओढल्याने जातात. घट्ट वेणी, कानापासून खेचून बांधलेली पोनी, वर्षानुवर्षं एकाच जागी ताण, याने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. पगडीखाली केस खूप आवळून बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्ये पण हे दिसतं, पण तिथेही कारण आवळून बांधणं हे असतं, डोकं झाकलेलं असणं हे नसतं. तुझे केस आखूड आहेत असं धरून चालते, म्हणजे तो प्रश्न नाही. सायकल चालवणाऱ्या मुली हे वाचत असतील तर त्यांनी मात्र केस मानेजवळ सैल वेणीत बांधावेत, वर अंबाडा घातला की हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि मागून उचललं जातं, दोन्ही वाईट.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तू स्वतः बघ. उद्या सकाळी उशीवरचे आणि जाळीवरचे दहा-पंधरा केस गोळा कर, पांढऱ्या कागदावर एकेक सुटा ठेव आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून टोक बघ. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, तर तो केस मुळापासून आपणहून सुटलेला आहे, आरामाची मुदत संपवून. हेल्मेटच्या घासण्याने जाणारा केस मधेच तुटतो, त्याला गाठ नसते, टोक उसवलेल्या दोऱ्यासारखं असतं. आणि हेल्मेटने केस गेले तर ते पॅड टेकतात त्याच पट्ट्यात जातील ना, तुझे असे एकाच पट्ट्यातून गेल्याचं तर तू कुठे लिहिलेलं नाहीस. काही हेल्मेटमध्ये आत एक पातळ सरकणारा प्लॅस्टिकचा थर असतो, मिप्स म्हणतात त्याला, त्याच्या फटीत केस अडकून काढताना एखाददुसरा तुटू शकतो, तेवढं खरं आहे, पण ते हळू काढलं की संपलं.

मामाचं टक्कल हा वेगळा विषय आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. टक्कल मामाकडून येतं हे आपल्याकडे पक्कं मानतात, त्यात तथ्य एवढंच की त्यातला एक महत्त्वाचा जीन आईकडून येणाऱ्या एक्स क्रोमोसोमवर असतो, बाकीचे बरेच जीन दोन्हीकडून येतात. त्यामुळे तुझे वडील, काका, आजोबा सगळ्यांचे फोटो बघ. ते टक्कल जाळीवर पुंजका टाकत येत नाही, ते कपाळाच्या कोपऱ्यातून आणि माथ्यावरून चोरपावलांनी येतं, केस बारीक बारीक होत जातात. डेंग्यूनंतर गळलेले केस बहुतेक वेळा सहा महिन्यांत सावरतात, पण त्याच वेळी हे दुसरं पण सुरू झालं असेल तर लवकर समजलेलं चांगलं, त्यावर औषधं आहेत, मिनॉक्सिडिल वगैरे, ती लावत राहावी लागतात आणि जितक्या लवकर सुरू करशील तितका उपयोग जास्त. म्हणून एकदा स्किनच्या डॉक्टरला डोकं दाखवून ये, आणि त्यांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, व्हिटॅमिन डी एवढं रक्तात बघून घे. जाताना डेंग्यूची फाइल ने. आणि पोटभर जेवायला लाग बाबा. वरण, उसळ, अंडी, पनीर, काय चालत असेल ते, रोज २२ किलोमीटर सायकल मारणारा मुलगा अर्धपोटी राहिला तर केस तरी कुठून येणार.

आता ज्या गोष्टी हेल्मेटमुळे खरंच होतायत त्याकडे येऊ, कारण त्या आहेत आणि तू त्या सहन करत बसू नयेस.

कपाळ ठणकणं हा तुझा भास नाही. बाहेरून दाब बसून होणाऱ्या डोकेदुखीला डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे, हेल्मेट, घट्ट टोपी, पोहण्याचा गॉगल यांनी ती होते, घातल्यापासून तासाभरात सुरू होते आणि काढल्यापासून तासाभरात थांबते. तू लिहिलंस तेच अगदी. आणि याचा अर्थ एवढाच की हे हेल्मेट तुझ्या डोक्याचं नाही.

मीडियम साइज हे माप फक्त घेराचं असतं. शिवणकामाची टेप घे, भुवयांच्या वर साधारण एक इंचावरून आणि मागे डोक्याचा जो फुगवटा असतो त्याच्यावरून फिरव, सेंटिमीटर लिहून ठेव. बहुतेक कंपन्यांचं मीडियम ५५ ते ५९ च्या आसपास असतं, तुझं ५९ च्या पुढे निघालं तर प्रश्न मिटला, लार्ज लागणार. पण घेर बरोबर असूनही आकार चुकू शकतो आणि मला तुझ्या बाबतीत त्याचीच शंका येतेय. काही साचे लांबट अंडाकृती असतात, पुढून मागे लांब आणि बाजूने अरुंद, आणि आपल्याकडे पुष्कळांचं डोकं त्यापेक्षा गोलसर असतं. अशा डोक्यावर ते हेल्मेट कपाळाच्या दोन कोपऱ्यांवर रुततं आणि कपाळाच्या मधोमध फट राहते. तुझे वळ कुठे उठतात? दोन्ही कोपऱ्यांवर. आता तू काय करत असशील सांगू, ते डुगडुगतं म्हणून मागची घट्ट-सैल करायची चकती अजून आवळत असशील, आणि आवळलं की ते कोपरे अजून रुततात. उद्या चकती पूर्ण सैल करून हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून बघ. सैल असतानाही कोपऱ्यावर टोचत असेल तर साचा चुकलाय, तो चकतीने दुरुस्त होत नाही. काही कंपन्या एशियन फिट म्हणून जरा रुंद साचा काढतात, ते बघ, आणि यावेळी दुकानात जाऊन घे, दहा मिनिटं डोक्यावर ठेवून दुकानातच फिर, आरशात कपाळ बघ, दुकानदार काही म्हणत नाही.

बसवायचं कसं हे पण सांगते कारण मी रस्त्यावर दहातले पाच जण चुकीचं घातलेले बघते. भुवईच्या वर दोन बोटं आडवी मावतील एवढंच कपाळ उघडं, आजीच्या पदरासारखं मागे सरकवलेलं नको आणि डोळ्यावर पण नको. बाजूचे दोन पट्टे कानाच्या पाळीखाली व्ही आकारात जुळले पाहिजेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. मग बक्कल न लावता फक्त चकतीवर हेल्मेट बसव आणि मान खाली घालून डोकं हलव, ते पडलं नाही आणि कुठे दुखलंही नाही, म्हणजे जमलं. आत जाड लोकरी टोपी घालून त्यावर हेल्मेट घालू नको, थंडीत पातळ बफ, म्हणजे डोक्या-गळ्यावर चढवायची कापडी नळी, पुरे.

पुटकुळ्या आणि कोंडा, यात माझा थेट आक्षेप आईच्या तेलावर आहे, आणि हे मी खूप प्रेमाने सांगतेय कारण माझ्या आईने पण मला बारावीपर्यंत चपचपीत तेल लावून पाठवलंय. कोंड्याला कारण असणारी एक यीस्ट आपल्या सगळ्यांच्या टाळूवर असतेच, मॅलासेझिया तिचं नाव, ती तेलावर जगते. सकाळी तेल, वर हेल्मेट, त्यात पाऊण तासाचा घाम आणि डांगे चौकातली धूळ, म्हणजे तिची पंगतच. तेच तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, पॅडखाली दाबलं जातं आणि छिद्रं बुजून पुटकुळ्या येतात. तेल लावायचंच असेल तर रविवारी न्हाण्याआधी लाव आणि धुऊन टाक, रोज सकाळी नको. ऑफिसला पोचल्यावर नुसत्या पाण्याने कपाळ धू. केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, साधारण महिनाभर. बाकी दिवशी साधा सौम्य शाम्पू रोज वापरलास तरी केस जात नाहीत.

आणि पॅड धुतोस का? खरं सांग. ते वेल्क्रोवर असतात, ओढले की निघतात. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून बोटांनी चोळायचे, निघणारं पाणी किती काळं असतं ते बघशील तर पुन्हा सांगावं लागणार नाही, आणि सावलीत वाळवायचे. हेल्मेटला मात्र पेट्रोल, थिनर, असलं काही लावू नको. आतला पांढरा किंवा काळा भाग म्हणजे दाबून घट्ट केलेला थर्माकोलच असतो आणि पेट्रोलमध्ये थर्माकोलचं काय होतं ते लहानपणी सगळ्यांनी बघितलेलं आहे. कारच्या डॅशबोर्डवर उन्हात पण ठेवू नको. आणि कोणाला घालायला देऊ नको, कोणाचं घालू नको, उवा आणि गजकर्ण दोन्ही असे फिरतात.

मान आखडण्याचं खापर हेल्मेटवर फोडू नको. माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं, त्यावर सायकलचं हेल्मेट अडीचशे-तीनशे ग्रॅमचं, म्हणजे एक मोठा आंबा. तुझ्या पाठीवर लॅपटॉपची सॅक असणार, हँडल खाली किंवा लांब असणार, आणि हेल्मेट डोळ्यावर आलेलं असेल तर रस्ता बघायला मान अजून वर करावी लागत असणार. सॅक कॅरियरवर टाक, हँडल थोडं वर घे, आठवडाभरात फरक कळेल. आपल्याकडे मान दुखते, केस जातात, ऐकू येत नाही हे सगळं बोललं जातं ते मुळात स्कूटरच्या हेल्मेटबद्दल, २०१९ च्या जानेवारीत सक्ती आली तेव्हा पुण्यात विरोधात मोर्चे निघाले होते आणि हीच कारणं तेव्हा घरोघर ऐकू यायची. ते हेल्मेट सव्वा-दीड किलोचं, कान झाकणारं, बंद. सायकलच्या हेल्मेटला कान उघडे असतात आणि वर वारा जायला भोकं असतात, तरी स्कूटरचे आरोप सगळे याच्या डोक्यावर आले.

तुझ्या मित्राने सांगितलेला अभ्यास खरा आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचे इयन वॉकर यांनी २००६ मध्ये सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावला, कधी हेल्मेट घालून कधी न घालता फिरले, दोन हजारांहून जास्त गाड्यांचं अंतर मोजलं, आणि हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. लांब केसांचा विग घालून फिरले तेव्हा लोकांनी जास्त जागा सोडली. पुढे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तेच आकडे घेऊन परत हिशेब मांडला, तेव्हा एक मीटरच्या आत येणाऱ्या धोकादायक गाड्यांचा हेल्मेटशी ठोस संबंध दिसला नाही, वाद चालू आहे. मला विचारशील तर भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तुझ्या डोक्यावर काय आहे याचा विचार करून कोणी गाडी चालवत नाही, तुझ्या अंगावर चमकणारी पट्टी आहे का आणि मागचा लाल दिवा लागतोय का हे मात्र दिसतं. मित्राने एक बाजू सांगितली, दुसरी मी सांगते. ऑस्ट्रेलियातल्याच दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र केले, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलवाले, त्यात हेल्मेट असलेल्यांमध्ये डोक्याला मार लागण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आणि डोक्याला गंभीर इजा होण्याचं ६९ टक्क्यांनी कमी होतं, आणि हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढल्याचं काही दिसलं नाही.

बाकी रोज तासन्‌तास घालून डोक्याला काही होतं का, तर बघ, व्यावसायिक रेसिंगवाले २००३ पासून सक्तीने घालतात. १९९१ ला पॅरिस-नीस रेसमध्ये याच नियमाविरुद्ध खेळाडूंनी संप केला होता आणि नियम मागे घ्यायला लावला होता, गरम होतं, चढावर त्रास होतो म्हणून. मग २००३ च्या मार्चमध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये आंद्रेई किविलेव्ह हा कझाकस्तानचा खेळाडू पडला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर काही आठवड्यांत नियम आला तो कायमचा. ते लोक दिवसाचे पाच-सहा तास घालतात. आपल्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्यांना २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, ६०० ला ४० तासांची, हेल्मेट तिथे सक्तीचं. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आळीपाळीने सायकल चालवत नऊ दिवसांच्या आत गेले, ते हेल्मेट घालूनच. तुझं रोजचं दीड तास.

आता आईचं म्हणणं, लग्न जमेपर्यंत काढून ठेव. इथे मी तुझ्याशी जरा मोठ्या बहिणीसारखं बोलते.

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी सिंहगड उतरून येत होते, गोळेवाडीच्या जवळ, पाऊस नुकताच थांबलेला, वेग काही फार नव्हता. वळणावर ओला पाला होता, मागचं चाक सरकलं आणि मी उजव्या बाजूला आडवी झाले. हात टेकवायला वेळ मिळतो असं लोकांना वाटतं, मिळत नाही. मला फक्त आवाज आठवतो, नारळ फुटल्यासारखा. कोपर आणि कंबर सोलवटली होती, उठून बसले, पाणी प्यायले, नाव-गाव सगळं आठवत होतं. घरी आल्यावर हेल्मेट उलटं केलं तर उजव्या कानाच्या वर आतून अंगठ्याएवढी चीर, आणि बाहेरून साधारण एका हाताच्या तळव्याएवढा भाग चेपून आत गेलेला, बोटाने दाबला तर बाकीच्या थर्माकोलसारखा तो परत वर येत नव्हता, मेलेला होता. तो चेपलेला भाग म्हणजेच हेल्मेटचं काम. डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा ते किती कमी वेळात थांबतं यावर सगळं असतं, कवटीला डांबरावर थांबायला जवळजवळ जागाच नसते, हेल्मेट त्याला दोन-अडीच सेंटिमीटर देतं आणि स्वतः चुरडून जातं. युरोपच्या ईएन १०७८ या स्टँडर्डच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं नकली डोकं साधारण दीड मीटरवरून लोखंडी ऐरणीवर सोडतात, म्हणजे आपल्या सायकलवरच्या डोक्याची जमिनीपासून जेवढी उंची त्याच्या जवळपास. मी पडले ते नेमकं असंच पडणं होतं. ट्रकने उडवलं तर हे वाचवेल असं मी तुला खोटं सांगणार नाही, ते त्यासाठी बनलेलंच नाही, पण पाल्यावर, खडीवर, कुत्रं आडवं आलं म्हणून होणारं पडणं आपल्या रोजच्या रस्त्यावरचं आहे.

ते हेल्मेट मी परत वापरलं नाही, एकदा मार खाल्ला की बाहेरून धड दिसलं तरी ते संपलेलं असतं. ते माझ्या क्लिनिकच्या टेबलावर आहे. केस गळतात म्हणून हेल्मेट सोडलं म्हणणारा कोणी आला की मी आधी त्याच्या हातात ते देते आणि ती चीर बोटाने बघायला सांगते.

कायदा तुला अडवणार नाही, मोटार वाहन कायद्याचं १२९ कलम मोटरसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलला सक्ती नाही. आई मात्र अडवतेय, आणि तिला धाक दाखवू नको, भांडू नको. तिला कॅलेंडर दाखव, सप्टेंबरपासून तीन पानं उलटून. केस कागदावर ठेवून ती पांढरी गाठ दाखव. डॉक्टरकडे जाशील तेव्हा तिला बरोबर घेऊन जा, तिच्या मनात मामा आहे आणि मामाबद्दल तिने स्वतः विचारलं की तिला बरं वाटेल. आणि एक कर, ऑफिसला पोचलास की पोचलो असा मेसेज टाकत जा, मला वाटतं तिची अर्धी भीती केसांची नाहीच, तू त्या रस्त्यावर सायकल घालतोस त्याची आहे. ज्या मुलीला बघायला जाशील तिच्यासमोर केस विरळ दिसले तर डेंग्यू झाला होता म्हणून सरळ सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नवीन हेल्मेट घेताना आत ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी स्टँडर्डचा स्टिकर आहे का बघ, रंग पिवळा किंवा पांढरा घे, बाकी महाग-स्वस्तात फार अडकू नको, जे दुखत नाही तेच तू रोज घालशील.

भाच्याचं राहिलं. त्याला आत्ता नको, सीट पण नको आणि हेल्मेट पण नको. वर्षाच्या आतल्या बाळाची मान हेल्मेटचं वजन आणि रस्त्याचे हादरे दोन्ही सोसत नाही. आणि तुझा डोक्यावर परिणाम होतो का हा प्रश्न खऱ्या अर्थाने कोणाला लागू असेल तर त्यालाच. बाळाची कवटी मऊ असते, हाडं जुळलेली नसतात, पुढची टाळू दीड वर्षापर्यंत भरत असते, आपल्या आज्या त्या टाळूवर तेल घालतात ती हीच. एका बाजूला झोपून डोकं चपटं झालेल्या काही बाळांना डॉक्टर मुद्दाम मापाचं हेल्मेट देतात आकार सुधारायला, पण ते दिवसाचे २३ तास, महिनोन्‌महिने घालावं लागतं, आणि तेही मुख्यतः पहिल्या वर्षातच जमतं. तुझी कवटी २९ वर्षांची आहे, ती काही चपटी-बिपटी होत नाही. बाळाला अजून वर्षभर कडेवर घेऊन फिरव. दीड-दोन वर्षांचा झाला, मान धरून नीट बसायला लागला, की त्याच्या डोक्याचं माप टेपने घेऊन मला लिही, मी साइज सांगते.